शिकाऊ खुबा

मोहनीराज मुळे यांची नोकरीची सगळी वर्षं दुसऱ्यांच्या जमिनी मोजण्यात गेली. भूमापक माणूस. एका हद्दीच्या दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत सरळ जायचं, मध्ये ऊस असो की बाभळी, रेघ सोडायची नाही, अशी त्यांची तालुक्यात ख्याती होती. पुढे मोजणी उपग्रहावरून व्हायला लागली, मग ड्रोन आले आणि बांधावर पाय ठेवायची कोणाला गरजच उरली नाही. मुळे मात्र चालत राहिले. निवृत्तीनंतर रोज संध्याकाळी वृंदाताईंबरोबर श्रीरामपूरच्या कालव्याच्या रस्त्यानं फेरी मारायची, हा त्या नवराबायकोचा दिवसातला सगळ्यात चांगला वेळ. भांडायचं झालं तरी ते तिथेच भांडत, कारण घरी भांडलं की शेजारच्यांना आयती करमणूक.

मग उजवा खुबा गेला. हाडाच्या गोळ्याला रक्त पोचेना आणि तो आतून ढासळत गेला. ऑपरेशनच्या भीतीनं मुळ्यांनी काही वर्षं लंगडत काढली, तेल चोळलं, पट्टे बांधले, पुतण्यानं आणलेला लेप लावला. कालव्याची फेरी आधी अर्ध्यावर आली आणि मग बंद पडली. वृंदाताई एकट्या जाईनात. शेवटी त्याच म्हणाल्या, की मला तुमच्याबरोबर चालायचं आहे, तुमच्या उशाशी बसायचं नाही. तेव्हा मोहनीराज नगरच्या डॉ. कर्णिकांकडे गेले. जिल्ह्याचं नाव बदलून जमाना झाला होता, पण त्यांच्या तोंडी नगरच.

नुसता कृत्रिम खुबा बसवणं ही तोपर्यंत मोतीबिंदू काढण्याइतकी सवयीची गोष्ट झाली होती. अडचण वेगळीच होती. माणूस वर्षानुवर्षं लंगडला की लंगडणं हाडात राहत नाही, ते मेंदूत जाऊन बसतं. सांधा नवा आला, दुखणं थांबलं, तरी शरीर त्या बाजूवर भार टाकायला भितं. कमरेचा तोल सांभाळणारा नितंबातला स्नायू काम विसरलेला असतो. रोगी खडखडीत बरा होतो आणि तरीही लंगडतच घरी जातो.

डॉ. कर्णिक बसवत त्या शिकाऊ खुब्यानं यावर तोड काढली होती. त्याच्या धातूच्या दांड्यात भार आणि कोन मोजणारे बारीक संवेदक होते, आणि त्या आळशी स्नायूकडे जाणाऱ्या नसेभोवती कांद्याच्या पापुद्र्यासारखा एक पडदा गुंडाळलेला असे. पाऊल पडलं की खुबा भार मोजायचा आणि स्नायू कमी पडला तर पडद्यातून हलकासा झटका देऊन त्याला जागं करायचा. पडद्यात एक प्रथिन भरलेलं होतं. त्याच्या ओढीनं नसेला नवे धागे फुटत. जे धागे रोज वापरात येत ते जाड होत, बाकीचे सुकून जात. दोन-अडीच महिन्यांत पडदा विरघळून जाई, बॅटरी संपे, आणि मागे राहे ती नव्यानं विणलेली जिवंत नस. डॉ. कर्णिक प्रत्येक रोग्याला सांगत, "यंत्र जातं, शिकवण राहते." हे वाक्य त्यांचं फार लाडकं होतं. वृंदाताईंनी विचारलं, की शिकवणच चुकली तर? डॉक्टर हसले. चालण्यात चुकायचं काय, तुम्ही फक्त त्यांना भरपूर चालवा, म्हणाले.

ऑपरेशन छान झालं. आता भरपूर चालायचं कुठे, हा प्रश्न होता. घर तीन खोल्यांचं. हॉलमध्ये चार पावलं टाकली की टीव्ही आडवा यायचा. बाहेर रस्त्यावर खड्डे, मोकाट कुत्री आणि आवाज न करता अंगावर येणाऱ्या विजेच्या दुचाक्या. कालव्याचा रस्ता गुळगुळीत होता, पण तिथवर जायलाच रिक्षा लागली असती. राहता राहिलं कॉलनीतलं दत्ताचं देऊळ. मध्ये औदुंबर, त्याला पार, पाराभोवती गार फरशी आणि वर पत्र्याची शेड. नव्या खुब्यासाठी देवानंच करून ठेवल्यासारखी जागा.

शिवाय तिथे मुळ्यांच्या घरचं काम चालूच होतं. त्यांची एकुलती एक मुलगी केतकी पुण्याला असे. तिची दोन बाळं पोटातच गेली होती आणि आता तिसऱ्यांदा दिवस राहिले होते. वृंदाताई औदुंबराला बोलल्या होत्या, की मूल हाती येईपर्यंत घरातलं माणूस रोज प्रदक्षिणा घालील. इतके दिवस त्या स्वतः घालत होत्या. पण केतकीला डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलं आणि त्यांच्या पुण्याच्या वाऱ्या सुरू झाल्या. मोहनीराजांचा देवावर विश्वास जुन्या सरकारी नकाशावर असावा तितकाच होता. असेल बरोबर, पण जागेवर जाऊन पाहिलेलं बरं. तरी तेच आपण होऊन म्हणाले, "नाहीतरी मला चालायचंच आहे. देवाचंही होईल आणि डॉक्टरांचंही." वृंदाताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. नवरा आपल्या देवासाठी काही करतो आहे, हे त्यांना संसारात पहिल्यांदाच पाहायला मिळत होतं.

सकाळ-संध्याकाळ मुळे औदुंबराभोवती फिरू लागले. देव उजव्या हाताला ठेवून, सगळे फिरतात तसे. पहिल्या आठवड्यात वॉकर होता, मग काठी, मग काठीही पारालाच टेकून राहिली. फोनवर खुब्याचा हिरवा दिवा लागायचा: भार उत्तम, तोल उत्तम, चालत राहा. देवळात येणाऱ्या बायका म्हणत, काका, लंगडताय असं वाटतसुद्धा नाही हो. त्यांना स्वतःलाही तसंच वाटे. पुन्हा शाळकरी पोरासारखं पाय टाकता येतात याचा आनंद इतका होता, की एकदा त्यांनी औदुंबराला मनापासून हात जोडले आणि मग कोणी पाहिलं नाही ना म्हणून इकडेतिकडे बघितलं.

पडद्याची मुदत संपायला दोन आठवडे उरले असताना ते रिक्षा करून एकटेच कालव्यावर गेले. वृंदाताई पुण्याहून आल्या की त्यांना चकित करायचं, त्याआधी रंगीत तालीम करावी, असा बेत. जुन्या सवयीनं त्यांनी दूरचा विजेचा खांब नजरेत धरला आणि चालू लागले. थोड्याच वेळात रस्त्याच्या उजव्या कडेचं गवत पायाला लागलं. ते परत मध्यावर आले, खांब धरला, चालले. पुन्हा गवत. तिसऱ्यांदा त्यांनी दात-ओठ खाऊन डावीकडे जोर लावला, तर उजवा पाय अर्ध्यातच पडला, कंबर आत झुकली आणि ते कालव्याच्या उतारावर घसरले. मातीत बसून त्यांनी बराच वेळ त्या खांबाकडे पाहिलं. आयुष्यभर नाकासमोर चाललेल्या माणसाला आपलं शरीर आपलं ऐकत नाही याची भीती वाटली.

गावातल्या दवाखान्यातल्या डॉ. अबोली साबळे त्यांचे व्यायाम बघत. तरुण मुलगी, तोंडाची फटकळ, पण हुशार. तिनं त्यांना लांब ओसरीत चालवून पाहिलं.

"काका, तुम्ही रोज चालता कुठे?"

"देवळात. औदुंबराभोवती."

ती मोठ्यानं हसली. मग तिचं हसू हळूहळू ओसरलं आणि ती खुर्चीत बसली.

तिनं समजावून सांगितलं ते असं. गोल फिरताना आतला पाय आखूड पडतो, बाहेरचा लांब, आणि कंबर आतल्या बाजूला कलते. मुळ्यांचा नवा खुबा आतला. त्याला भार कळतो, कोन कळतो, पण दिशा कळत नाही. बॅटरी वाचावी म्हणून बनवणाऱ्यांनी ते ज्ञान त्याला दिलंच नव्हतं. ज्यांच्यावर चाचण्या झाल्या ते लांबलचक सरळ मार्गिकांमधून चालले होते. गाभाऱ्याभोवती रोज एकाच अंगानं फिरणारा माणूस कोणाच्या डोक्यात आलाच नव्हता. खुब्यानं प्रामाणिकपणे समजूत करून घेतली की चालायचं ते असंच, आणि नसेला तसं शिकवलं.

"आता?" मोहनीराजांनी विचारलं.

"पडदा अजून आहे. दोन आठवडे उलट्या फेऱ्या घाला. जितक्या घातल्यात तितक्या नाही होणार, पण जमतील तेवढ्या. नुसतं सरळ चालून आता भागणार नाही. देवळाभोवती नको असेल तर टाकीभोवती घाला, मैदानाला घाला, कशालाही घाला. पण डावीकडे वळत राहा. एकदा पडदा विरघळला की माझ्या हातात काही नाही, काका."

त्या दिवशी संध्याकाळी वृंदाताई पुण्याहून आल्या. सहावा महिना लागला होता, सगळं ठीक होतं, त्या खुशीत होत्या. मोहनीराजांनी चहा होईपर्यंत धीर धरला आणि मग सगळं सांगितलं. त्यांना वाटलं होतं बायको हळहळेल, फार तर डॉक्टरांना चार शिव्या देईल. पण उलट्या फेऱ्या म्हटल्याबरोबर वृंदाताईंचा चेहरा उतरला.

"तुम्ही उलटे नका फिरू," त्या म्हणाल्या.

मोहनीराजांनी समजावलं, की देवळात नाही फिरणार, शाळेच्या मैदानावर फिरेन. देवाचा संबंधच नाही.

"फेऱ्या केतकीच्या नावानं घातल्यात अहो तुम्ही. त्याच पायांनी त्या उलगडायच्या?" वृंदाताई पदराशी चाळा करत राहिल्या. मग सरळ त्यांच्याकडे बघून म्हणाल्या, "मला कळतं हे खुळं आहे. मी काही अडाणी नाही. पण तिला काही झालं ना, तर मी तुम्हाला धरीन. बोलणार नाही कधी. पण मनात धरीन, आणि ते मला मरेपर्यंत सोडता येणार नाही. म्हणून आधीच सांगते."

मोहनीराजांना राग आला. इतका, की ते चहा तसाच टाकून उठले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. पण तिला खोटं पाडता येईना. बाई खरं बोलत होती. तिनं धमकी दिली नव्हती, स्वतःच्या मनाचा अंदाज सांगितला होता, आणि तिचे असले अंदाज सहसा चुकत नसत. एवढं खरं ती कालव्यावरच्या भांडणांतसुद्धा कधी बोलली नव्हती.

तरीही सकाळी दूध आणायला म्हणून ते निघाले आणि शाळेच्या मैदानावर गेले. पाय आपला होता, उरलेलं आयुष्य आपलं होतं. मैदान मोकळं होतं. त्यांनी डावीकडे वळून चालायला सुरुवात केली. फार कठीण गेलं. उजवा पाय हट्टी बैलासारखा आत ओढत होता, खुबा झटके देत होता आणि घाम फुटला होता. तरी अर्धी फेरी झाली. आणखी थोडं पुढे गेल्यावर पाय किंचित मोकळा पडल्यासारखा वाटला, आणि आपण यातून बाहेर पडू अशी आशा त्यांना पहिल्यांदा वाटली. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. वृंदाताई होत्या. केतकीला रक्तस्राव सुरू झाला होता, जावई तिला घेऊन दवाखान्यात निघाले होते.

मोहनीराज जागच्या जागी उभे राहिले. योगायोग आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. असे रक्तस्राव होतात, डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, आणि पुण्यातल्या मुलीच्या पोटाचा श्रीरामपूरच्या मैदानाशी काहीही संबंध नाही, हे त्यांनी दुसऱ्या कोणालाही तासभर समजावून दिलं असतं. पण डावीकडे टाकायला उचललेला पाय काही केल्या पुढे पडेना. ते वळले आणि आले तसे परत फिरले. मैदानातून ते सरळ देवळात गेले आणि घाबऱ्या घाबऱ्या त्या दिवसाच्या सगळ्या प्रदक्षिणा घातल्या, देव उजव्या हाताला ठेवून. घालताना त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटत होती.

दोन दिवसांत रक्तस्राव थांबला. डॉ. साबळेंचे फोन येत राहिले, ते हो हो म्हणत राहिले. पडदा ठरल्या वेळी विरघळला. फोनवरचा हिरवा दिवा शेवटचा लागला: शिक्षण पूर्ण, अभिनंदन.

केतकीला मुलगी झाली. चांगली गुबगुबीत, मोठ्या आवाजाची. नाव रेवा ठेवलं. बाळाला पहिल्यांदा मांडीवर घेतलं तेव्हा मोहनीराजांना वाटलं, जाऊ दे पाय, काय करायचा आहे. ते अगदी खरं वाटलं होतं, त्या वेळी.

पुढचे दिवस मात्र रोजचे होते. रस्त्यानं चालताना ते उजवीकडे ओढले जात, भिंतीला खांदा घासे, माणसांना धक्के लागत. काही जणांना वाटे म्हातारा पिऊन आला आहे. डावीकडे नेट लावून चाललं की काही वेळानं कंबर पेटे. डॉ. कर्णिकांनी दुसरं ऑपरेशन सुचवलं खरं. पण त्यात ती नस कापावी लागणार होती, मग कंबर कायमची खचणार आणि जन्मभर वॉकर. वृंदाताईंनी त्यांना एकदा हट्टानं कालव्यावर नेलं. त्या उजव्या बाजूला चालल्या आणि ते सारखे त्यांच्यावर जाऊन आदळत राहिले. आधी दोघं हसली. मग हसणं संपलं आणि वृंदाताईंचा दंड दुखायला लागला. नंतर कालव्याचं नाव कोणी काढलं नाही.

जगात एकच जागा अशी होती जिथे मोहनीराज ताठ, डौलदार, कोणाच्याही नजरेत भरावं असं चालत, ती म्हणजे औदुंबराभोवतीची फरशी. नवस फिटून गेला तरी ते तिथे जात. पायांना दुसरीकडे कुठे सुख नव्हतं. कॉलनीत त्यांच्या भक्तीचं नाव झालं. एक-दोन सुना तर जाताजाता वाकून नमस्कार करू लागल्या. ते चडफडत पुढची फेरी घेत.

रेवा वर्षाची व्हायच्या आत केतकी कामावर रुजू झाली आणि काही महिन्यांसाठी पोर आजीआजोबांकडे राहायला आली. वृंदाताई घरकामात, तेव्हा दिवसभर तिच्यामागे मोहनीराज. ती भिंत धरून उभी राहायला लागली तसं त्यांनी तिला बोट दिलं. आपण उजवीकडे झुकतो, पोर पायाखाली यायला नको, म्हणून ते तिला नेहमी डाव्या हाताला धरत. हॉलमध्ये, गॅलरीत, देवळात त्या दोघांच्या तासन् तास फेऱ्या चालत. ती आपल्या बोटाला इतकी घट्ट धरते, या एका गोष्टीवर त्यांचा सगळा दिवस निघे.

सुट्टी काढून केतकी आली तेव्हा रेवा बोट सोडून चालायला लागली होती. हॉलच्या टोकाला बसून केतकीनं हात पसरले आणि ये म्हणाली. रेवा निघाली, हसत, दुडुदुडु, आणि वळत वळत टीव्हीपाशी जाऊन थांबली. सगळे हसले. केतकीनं पुन्हा बोलावलं. पोर पुन्हा आईकडे बघत निघाली आणि पुन्हा टीव्हीपाशी पोचली. तिसऱ्यांदा आई सापडेना तशी ती खाली बसून रडायला लागली.

केतकी तिला घेऊन डॉ. साबळेंकडे गेली. परत आली ती चप्पल न काढताच हॉलमध्ये उभी राहिली. हाडं ठीक आहेत, नसा ठीक आहेत, असं तिनं सांगितलं. फक्त ज्याच्या हाताला धरून शिकली त्याच्यासारखी चालते आहे. आता थांबवलं तर जाईल.

"बाबा, तिला बोट देऊ नका," ती म्हणाली. "ती नीट चालायला लागेपर्यंत तिला मी पुण्यालाच ठेवते. आणि साबळे मॅडम म्हणाल्या, तुम्हाला तेव्हा उलट्या फेऱ्या घालायला सांगितलं होतं. दोन आठवडे फक्त. तेवढंही नाही झालं तुमच्याकडून? का?"

स्वयंपाकघरात वृंदाताई कणीक मळत होत्या. परातीचा आवाज थांबला, तो मोहनीराजांना ऐकू आला. त्यांनी वाट पाहिली. वृंदानं बाहेर यावं आणि दोन शब्द बोलावेत असं त्यांना फार वाटलं. आयुष्यात तिच्याकडून दुसरं काही नको होतं, एवढंच हवं होतं. केतकी उत्तरासाठी त्यांच्याकडे बघत होती. मग परात पुन्हा वाजू लागली.

"कंटाळा केला," मोहनीराज म्हणाले.

केतकीनं मान हलवली आणि आत जाऊन ती पोरीचे कपडे गोळा करू लागली. रेवा भिंतीला धरून उठली, सवयीनं आजोबांकडे आली आणि तिनं हात वर केला. मोहनीराजांनी आपले दोन्ही हात स्वतःच्याच काखेत घालून घट्ट दाबून धरले. ती त्यांचा पायजमा ओढत राहिली. तेव्हा मात्र वृंदाताई कणकेच्या हातांनीच बाहेर आल्या, कोपरांनी सावरून त्यांनी तिला उचललं आणि नवऱ्याकडे न बघता तिची समजूत घातली.

"आजोबांचा पाय दुखतो ना गं," त्या म्हणाल्या.

मोहनीराजांनी मान डोलावली. खुबा बसवल्यापासून तो पाय एकदाही दुखला नव्हता.